म्यांवचे स्पेलिंग

परवा नात गृहपाठाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, म्यांवचं इंग्रजी स्पेलिंग काय?"

जन्मभर इंग्रजी शिकवून पेन्शनीत निघालेला मी माणूस! ऐटीत सांगितले, "एम, आय, ए, ओ, डब्ल्यू." दुसऱ्या दिवशी वही परत आली ती लाल रेघ घेऊनच. बाईंच्या मते ते एम, ई, ओ, डब्ल्यू.

मी तिरीमिरीत जाडजूड डिक्शनरी उघडली. पाहतो तो काय, माझेही बरोबर आणि बाईंचेही! विलायतेतले मांजर माझ्या स्पेलिंगने ओरडते, अमेरिकेतले बाईंच्या. शिवाय 'म्यू' हा आणखी एक शब्द आहेच. जपानी मांजर म्हणे 'न्याऽ' करते. प्राचीन मिसरी लोकांनी तर या प्राण्याचे नावच त्याच्या आवाजावरून ठेवले होते – 'मिउ'. आपल्या पूर्वजांना मात्र ते अंग चाटूनपुसून स्वच्छ करतानाच दिसले असावे. मृज् म्हणजे पुसणे. त्यावरून मार्जार, आणि मार्जाराचे झाले मांजर. ओरडण्याकडे आपण लक्षच दिले नाही म्हणायचे!

आमच्या घरात ते लक्ष ही देत असे. मनीच्या म्यांवचे हिच्या लेखी तीन अर्थ होते : दूध दे, दार उघड, आणि नुसतेच 'आहेस ना?' या तिसऱ्याला ही स्वयंपाकघरातून ओ देई, "आहे ग बाई, आहे." मी वर्तमानपत्राआडून हसत असे.

पुढे एकदा वाचनात आले की, मोठी मांजरे आपसात सहसा म्यांव करीतच नाहीत. पिलू आईला मारते ती ही हाक. माणसात वाढलेले मांजर ती मोठेपणीही सोडत नाही. फक्त आता ती माणसाला मारते. म्हणजे हिचेच खरे होते. पण ते कबूल करायला ही राहिली नव्हती.

ही गेली तेव्हा मनी कित्येक दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ओरडत होती. मी दूध ठेवले, दार उघडले. ती तिथून हलली नाही. मग हळूहळू तिचे ओरडणेच कमी झाले.

नातीने बाईंचे स्पेलिंग पाच वेळा लिहून काढले, आणि पेन्सिल चावीत विचारले, "पण आपली मनी यातलं कुठलं म्हणते?"

मनी माझ्या खुर्चीखालीच होती. नाव ऐकून बाहेर आली, माझ्याकडे पाहून एकदाच ओरडली. ताटलीत दूध होते. दार उघडेच होते.

"आहे ग बाई," मी म्हटले, "आहे."