हॉर्टाच्या लेकरांची हजेरी

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'रसिक' आहे, 'आस्वादक' आहे, 'सहृदय' तर संस्कृत साहित्यशास्त्रापासून चालत आलेला आहे. 'चाहता' या शब्दाला मात्र तेथे अजून बसायला पाट मिळालेला नाही. नटनट्यांच्या मागे धावणारा, मैदानाच्या कठड्याशी ओरडणारा, अशी एक हलकी छटा त्याला चिकटलेली आहे. वास्तविक एकाच कलाकृतीकडे वर्षानुवर्षे परत जाणारा, तिचे दोष तोंडपाठ असणारा आणि तरीही तिला न सोडणारा माणूसही याच शब्दात मावतो. रसिकाला कलाकृती पटली नाही तर तो दुसरीकडे वळू शकतो. चाहत्याला ती मोकळीक नसते. येथे अशाच एका चाहत्याच्या जुन्या असमाधानाचा विचार करावयाचा आहे. त्याचा विषय आहे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतील 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग. तो अमेरिकेत प्रथम ९ मार्च १९६७ रोजी दाखवला गेला, आणि या चाहत्याने तो पाहिला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, रे रोडच्या एका चाळीत.

रे रोड हे हार्बर मार्गावरचे स्थानक. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव त्याला मिळाले. १९१० मध्ये कुर्ल्याहून आलेली गाडी येथेच थांबत असे. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत ती गेली १९२५ मध्ये. स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना. नावातली दारू बंदुकीची, हे नव्या माणसाला समजावून सांगावे लागते. भरतीच्या पाण्यावर जुनी जहाजे किनाऱ्याला आणून लावायची, गॅसच्या ज्योतीने त्यांचे पत्रे कापायचे आणि ते लोखंड बाजाराच्या हवाली करायचे, हा तेथला धंदा. १९८३ मध्ये गुजरातेत अलंगचा किनारा सुरू झाल्यावर मोठी जहाजे हळूहळू तिकडे गेली. तरी १९६१ ते १९९७ अशी सेवा केलेली 'विक्रांत' २०१४ मध्ये तुटली ती दारूखान्यातच. अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलाला अंतराळयान हे जहाजच वाटावे यात नवल नाही. पडद्यावर 'एंटरप्राइझ' पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याच्या मनात आलेला प्रश्न, हे तोडायला कुठल्या बंदराला आणतील, असा होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका इंग्रजीतूनच लागत असे. चाळीत संच एकाच खोलीत होता, कृष्णधवल. मोठी माणसे इंग्रजी कळत नाही म्हणून उठून जात. पोरे कानांच्या टोकांसाठी बसून राहत. स्पॉकला तेथे सगळे 'कानवाला' म्हणत. या मुलाचे वडील लोखंड बाजारात माथाडी होते, मूळचे साताऱ्याकडचे. रविवारी सकाळी ते खोलीच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसत आणि पडद्याकडे पाहत आहेत की नाही हे कळू देत नसत.

त्या भागाची कथा अशी. एका दूरच्या ग्रहावर खनिज काढणाऱ्या माणसांची वसाहत आहे. एक अज्ञात प्राणी खडक पाण्यासारखा भेदत येतो आणि माणसांना जाळून टाकतो. पन्नासाहून अधिक खाणकामगार मेले आहेत. कॅप्टन कर्क आणि स्पॉक बंदोबस्तासाठी येतात. हा प्राणी कार्बनचा नसून सिलिकॉनचा आहे, असा स्पॉकचा तर्क असतो. वसाहतीच्या अधिकाऱ्याच्या मेजावर शोभेसाठी ठेवलेला एक गुळगुळीत गोळा त्याच्या नजरेला पडतो. खाणीच्या नव्या पातळीवर असे हजारो सापडले, निरुपयोगी म्हणून कामगारांनी फोडले. अखेर स्पॉक प्राण्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्या मनाशी मन जुळवतो आणि उलगडा होतो. हे गोळे म्हणजे अंडी. दर पन्नास हजार वर्षांनी ही जात मरते, एकटी एक उरते आणि पुढच्या पिढीची आई होते. कामगार तिची लेकरे फोडत होते म्हणून ती त्यांना मारत होती. तिचे नाव हॉर्टा. डॉक्टर मॅकॉय कुरकुर करीत तिच्या जखमेवर चक्क बांधकामाचा गिलावा लावतात आणि ती वाचते. मग तह होतो. ती आणि तिची पिल्ले बोगदे खणतील, माणसे खनिज उचलतील. पिल्ले जन्मल्याबरोबर खणू लागतात, नवनवे साठे हाती येतात आणि वसाहत गडगंज होणार हे ठरते.

पूर्वार्धाचे ऋण हा चाहता कधीच नाकारत नाही. भयानक आणि बीभत्स या रसांची पूर्ण तयारी करून घ्यायची आणि मग एका क्षणात सारे वत्सलाकडे वळवायचे, हे धाडस पटकथाकार जीन कून यांनी केले, तेही साध्या साधनांनी. हॉर्टा म्हणजे यानोश प्रोहास्का हा कसरतपटू अंगावर रबराची गोधडी घेऊन रांगत होता, इतकेच. त्याने आणलेल्या पोशाखावरूनच कून यांना कथा सुचली, असेही सांगितले जाते. तिच्यात आणखी एक बारकावा आहे. आधी स्पॉक म्हणतो की जातीतला हा शेवटचा जीव असेल तर तो वाचवावा, आणि कर्क मारायला निघालेला असतो. प्रत्यक्ष हॉर्टासमोर कर्क एकटा सापडतो तेव्हा घाबरलेला स्पॉक त्याला मारायला सांगतो, आणि आता कर्कच थांबतो. मतापेक्षा भेट मोठी, हे कोणीही भाषण न करता घडते.

चाळीतल्या त्या खोलीत हा क्षण आणखी वेगळ्या प्रकारे घडला. फुटलेल्या गोळ्यांचा ढीग पडद्यावर आला, उलगडा अजून दूर होता, इतक्यात ओट्याशी भाकरी थापणारी मुलाची आई मान वळवून म्हणाली, "अंडी हायती ती. लेकुरवाळी हाय बिचारी." तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. दार्को सूविन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात विज्ञानसाहित्याचे लक्षण ज्ञानाशी जोडलेला दुरावा असे सांगितले आहे. श्क्लोव्हस्कीचे अपरिचितीकरण आणि ब्रेख्तचा दुरावा यांचा वारसा त्या संकल्पनेत आहे. परिचित जग अनोळखी करून दाखवायचे, म्हणजे ते नव्याने कळते. त्या बाईच्या बाबतीत हा प्रवास उलटा झाला. तिने अनोळखी प्राणी सरळ ओळखीचा करून टाकला आणि दुरावा तिला लागलाच नाही. सूविनच्या चौकटीत हा वाचकप्रतिसाद कोठे बसवायचा, याचे उत्तर सोपे नाही.

उत्तरार्धात मात्र काटा रुतला, आणि तो रोवला उंबऱ्याशी बसलेल्या माणसाने. सगळे हसत होते, संगीत वाजू लागले होते, मुलगा आनंदाने वडिलांना सांगू लागला की आबा, आता तिची पोरे खाण खणणार आणि सगळे श्रीमंत होणार. आबांनी विचारले, "आरं, पर त्या पोरांची हजेरी कोन लावनार?"

हा विनोद नव्हता. माथाडी माणसाच्या आयुष्यात हजेरी हा शब्द काय वजनाचा आहे, हे माहीत असल्याशिवाय त्यातली गंभीरता कळणार नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा आला. त्याआधी पाठीवर किती ओझे वाहिले याची नोंद मुकादमाच्या मर्जीत असे. मालक आज एक, उद्या दुसरा. त्यामुळे नोकर कोणाचा, हेच सिद्ध होत नसे. कायद्याने मंडळे आणली, कामगाराची आणि मालकाची दोघांची नोंदणी आणली, मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्हीही भरायची असे ठरवले. त्या लेव्हीतून रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी निघू लागला. प्रेमाने वागणारा शेठ पूर्वीही भेटत असे. नोंदवही नव्हती. आबांनी हॉर्टाकडे या अनुभवातून पाहिले. तिची कणव आली ती बायकोला आली तेवढीच त्यांनाही आली असेल. पण तह झाला म्हटल्यावर त्यांनी तहाची कलमे विचारली.

आणि कलमे खरोखरच नाहीत. हॉर्टाला मिळते ते काय? तिच्या उरलेल्या लेकरांना कोणी फोडणार नाही, एवढेच. जे तिचे होतेच, ते तिला परत देण्याच्या बदल्यात तिच्या वंशाचे श्रम वसाहतीला मिळतात. खणणे हा तिचा स्वभावच आहे, तिला त्यात कष्ट कुठले, असा खुलासा कथेत गृहीत धरलेला आहे. स्वभावाचा हा युक्तिवाद मराठी वाचकाला अनोळखी नसावा; ज्याचे काम त्याच्या जन्माशी बांधून टाकायचे असते, त्याच्या बाबतीत तो आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरला गेला आहे. राक्षसांशी तह आपल्या परंपरेतही आहेत. एकचक्रा नगरीचा बकासुराशी झालेला करार क्रूर आहे, पण त्यात गाडाभर भात, दोन रेडे, एक माणूस आणि बदल्यात परचक्रापासून रक्षण, असे सारे मोजून ठरलेले आहे. बकासुराला जी स्पष्टता मिळाली, ती या सुसंस्कृत तेविसाव्या शतकात हॉर्टाच्या वाट्याला आली नाही.

चाहत्याने हा भाग पुढे कॅसेटवर, तबकडीवर कितीदा तरी पाहिला. प्रौढपणी त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट भाषेची आहे. पहिल्या मनोमीलनानंतर हॉर्टा स्वतःच्या आम्लाने खडकावर तीन शब्द कोरते. सबंध भागात तिची स्वतःची म्हणावी अशी संहिता तेवढीच, आणि ती संदिग्ध आहे. मला मारू नका ही विनवणी, की मी मारणार नाही हे वचन? कर्कलाही तो प्रश्न पडतो. एखाद्या समीक्षकाने आयुष्यभर उराशी धरावे असे ते वाक्य. त्यानंतर मात्र तिचे लिहिणे थांबते. तिचे म्हणणे स्पॉक सांगतो आणि तह तर सर्वस्वी त्याच्या तोंडून होतो. दुभाषा प्रामाणिक आहे, तिच्या वेदनेने तो स्वतः किंचाळलेला आहे. तरी करार करणाऱ्या पक्षाचा दुभाषा हा त्या पक्षाच्याच जहाजावरचा अधिकारी आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी वंचिताला बोलता येते काय, हा प्रश्न १९८८ च्या निबंधात मांडला तेव्हा त्यांच्यासमोर हॉर्टा नव्हती, हे उघड आहे. तिने मात्र खडकावर लिहून दाखवले होते. वाचणाऱ्यांनी एक वाक्य पुरेसे मानले.

मराठीत अशी चर्चा व्हावी तशी होत नाही, याचे एक कारण आपल्या विज्ञानकथेच्या जन्मकथेत शोधता येईल. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली; १९७४ च्या तिच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. विज्ञानप्रसाराच्या अंगणात वाढल्यामुळे या कथेला आपण पहिला प्रश्न विचारतो तो, विज्ञान बरोबर आहे काय, हा. चाहत्याच्या परिचयातले एक विज्ञानशिक्षक या भागाविषयी तेवढेच बोलत. कार्बन जाळला की वायू होतो, तो श्वासावाटे सोडता येतो. सिलिकॉनचे तसे झाले की वाळू होते, मग ती बाई श्वास सोडते की रेती? आक्षेप अचूक आहे आणि गमतीचाही आहे. पण मंडळात नोंद नसलेल्या कामगाराच्या प्रश्नाइतका तो मूलभूत नाही. रसायनशास्त्राची चूक कोणीही पुढे सुधारू शकतो.

दुसऱ्या टोकाला चाहत्याचा एक मित्र आहे, विद्यापीठात वसाहतोत्तर सिद्धान्त शिकलेला. त्याच्या मते हा भाग म्हणजे मुखवटा घातलेली वसाहतवादी कथा, बाकी काही नाही. आश्चर्य असे की आबांचा प्रश्न इतकी वर्षे वागवणारा हा माणूस या ठिकाणी मित्राशी भांडतो. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, राक्षस मारलेला पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या बुटाखालची अंडी दाखवणे, ही गोष्ट 'बाकी काही नाही' मध्ये ढकलता येत नाही, असे तो म्हणतो. सिद्धान्ताला दोष आधीच ठाऊक असतो, म्हणून त्याला कथेतून जावे लागत नाही. आबा पूर्ण भाग बसून पाहत होते. कथेने आधी हॉर्टाला आई केले नसते तर तिच्या लेकरांच्या हजेरीचा प्रश्न आबांना सुचला असता काय? राक्षसाची हजेरी कोणी विचारत नाही. प्रश्न विचारण्याची पात्रता कथेनेच दिली आणि उत्तर देताना ती कमी पडली. संमिश्र प्रतिक्रिया म्हणजे इतके गुण आणि इतके दोष अशी बेरीज-वजाबाकी नव्हे, हे यावरून दिसावे. त्याला भाग आवडतो ज्या कारणाने, त्याच कारणाने शेवट बोचतो. एक काढून दुसरे ठेवता येत नाही.

शेवटचे दृश्य यानावरचे आहे. वसाहतीहून निरोप येतो, पिल्ले कामाला लागली, साठेच साठे. मग स्पॉक गंभीरपणे सांगतो की हॉर्टाला त्याचे कान फार आवडले. कर्क आणि मॅकॉय त्याची थट्टा करतात. प्रसंग उत्तम लिहिलेला आहे, नटांची वेळ साधण्याची हातोटी अप्रतिम आहे. चाळीतली पोरे तेव्हा कानांसाठी बसलेलीच होती, ती गडगडा हसली. चाहता आजही, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या ठिकाणी हसतो. लेकरांच्या कामाची बातमी आणि कानांची थट्टा यांच्यामध्ये किती क्षण जातात, हे मात्र त्याने घड्याळ लावून मोजून ठेवले आहे.