वरवट बकालहून युरोप: आठ दिवस, दोन मुक्काम

वरवट बकालच्या व्यापारी कुटुंबाने युरोपचा बेत आखताना नकाशाआधी दुकानाची वही उघडावी. मेच्या उत्तरार्धापासून बियाणे-खतांची गर्दी, दसऱ्यानंतर कापूस. उरतो मेचा पूर्वार्ध. चौविहार पाळणाऱ्यांसही तोच सोयीचा, कारण बेल्जियममध्ये तेव्हा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच. घरातील आजी सोबत येऊ शकतील की नाही, हे बहुधा या एका फरकावर ठरते.

आठ दिवसांत पाच देश धावत पाहण्याचा मोह टाळावा. दोनच मुक्काम पुरेत. पहिला अँटवर्प शहरात: तेथील हिऱ्यांच्या बाजारात पालनपूरच्या जैन कुटुंबांनी जम बसविला असून विल्रिक उपनगरात संगमरवरी जिनालय उभे आहे. दुसरा आर्देनच्या डोंगराळ वनप्रदेशात, स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या घरात. हे स्वयंपाकघर चैन नव्हे. कंदमुळे वर्ज्य नसणाऱ्यांनीही सावध असावे, कारण तेथील बटाट्याचे तळीव काप परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, आणि पुष्कळ चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते. डाळ, खाकरे सोबत न्यावेत. तूप व पेढे मात्र युरोपीय संघात नेता येत नाहीत. तूप अँटवर्पच्या भारतीय दुकानातून घ्यावे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. प्रथमच जाणाऱ्यांना बोटांचे ठसे देण्यास स्वतः हजर राहावे लागते, आजींनाही. तेव्हा शेगावहून मुंबईची तिकिटे होळीपूर्वीच काढावीत.