माहेराला तिकीट

आमच्या लग्नाला 42 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून पंढरपूरला गेलो, जोतिबाला गेलो, मिरजेच्या दवाखान्यात गेलो. नुसतं फिरायला म्हणून कुठं गेलो नाही. शेतकऱ्याला फिरायला बांध असतो की.

गेल्या वैशाखात उसाची भांगलण उरकली आणि ही म्हणाली, "अहो, चांदोलीला जाऊन येऊया का?"

"एवढ्या उन्हात?"

"मग कवा? पावसाळ्यात फाटक बंद असतंय."

म्हणजे हिनं सगळी चौकशी करून ठेवली होती.

चांदोलीच्या जंगलात हिचं माहेर. होतं, असं म्हणायला पाहिजे. त्या मुलखातली काही गावं वारणा धरणाच्या पाण्यात गेली, काही जंगलासाठी उठली. हिचं गाव दुसऱ्यातलं. 1985 साली अभयारण्य झालं, पुढं एकेक गाव उठत गेलं. 2004 ला राष्ट्रीय उद्यान, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. गावाला मात्र खाली वसाहतीत सपाट, खारवट जमीन मिळाली.

ज्या दिवशी माहेरचा संसार ट्रकात भरायचा होता, त्याच्या आदल्या रात्री ही म्हणाली होती, "मी जाऊन येते." नेमकी त्याच दिवशी आमच्या उसाला तोड आली. मी म्हटलं, "टोळी दारात उभी हाय आणि तू माहेराला जातीस?" ती गेली नाही. दिवसभर वाढं बांधत राहिली. त्यावर ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पहाटे चारला स्प्लेंडर काढली. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. पेठ नाका, शिराळा, कोकरूड. कोकरूडच्या पुढं झुंजुमुंजू झालं. एका बाजूला वारणेचं खोरं, पुढ्यात डोंगर. वाऱ्याला करवंदाचा वास यायला लागला. आरळ्याच्या अलीकडं एक मोर रस्त्यात उभा होता. मी हॉर्न वाजवणार, तर हिनं माझा खांदा दाबला. "जाऊद्या त्याला. त्याचा रस्ता हाय." आम्ही थांबलो. तो सावकाश गेला. आमच्याकडं मोर भुईमुगात शिरला की आम्ही डबा बडवतो.

मणदूरच्या पुढं फाटक. तिथं नाव लिहायचं, तिकीट काढायचं, मग जीपमधून आत. तिकिटाचा कागद हिनं उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "माहेराला तिकीट लागतंय व्हय!" खिडकीतला माणूस हसला. मला हसू आलं नाही.

जीपमध्ये शहरातली तीन पोरं होती, गळ्यात कॅमेरे. वाटाड्या तिथल्याच बाजूचा पोरगा. तो झाडं दाखवायला लागला आणि दहा मिनिटांत गप्प झाला, कारण हीच सांगायला लागली. हा गेळा, हा कुंभा, ही अंजनी, हा हिरडा. बाळहिरडा गोळा करून विकून हिनं लग्नाआधी पायातले पैंजण केले होते. ते पैंजण मी 40 वर्षं बघतोय. ते हिरड्याचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

एका आंब्यावर तांबूस, भली लांब शेपटी लोंबत होती. शेकरू. वाटाड्या म्हणाला, "आपल्या राज्याचा प्राणी." ही म्हणाली, "आमी दगडं मारायचो की त्याला. फणस फोडायचं." पोरं खो खो हसली.

पुढं सड्यावर गाडी थांबली. तिथं थोडं चालू देतात. जांभा दगडाचं उघडं पठार, खाली वारणेचं पाणी, वर घार. वाटेत अस्वलाची विष्ठा पडली होती, करवंदाच्या बियांनी भरलेली. गुडघे धरून चालणारी ही बाई तिथं माझ्या पुढं चालत होती. घरात, रानात, जत्रेत कायम माझ्या मागं चार पावलं. इथं मी मागं, धापा टाकत. लग्नाला वऱ्हाड ट्रकनं आलं होतं आणि शेवटचे दोन तास आम्ही हाच डोंगर चढलो होतो. आमचा हलगीवाला निम्म्या वाटेत हलगी उशाला घेऊन आडवा झाला होता. तिनं आठवण काढली आणि एकटीच हसली.

मग तिचं गाव आलं. गाव म्हणजे एक देऊळ, चार जोती आणि डोक्याएवढं गवत. देवळापाशी गाडी थांबते. ही उतरली, देवाला हात जोडले आणि खाली बघत उभी राहिली. जिथं भाताची खाचरं होती तिथं गवताचं कुरण झालं होतं. त्यात सहा-सात गवे चरत होते. काळेभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. एक पिल्लू होतं, विटकरी रंगाचं. मोठ्या गव्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. पोरांचे कॅमेरे कटाकटा वाजले.

आमच्या भागात गवा उसात शिरला म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिथं आला नाही. उलट आपणच कुणाच्या तरी रानात शिरलोय असं वाटलं.

ही हळूच म्हणाली, "चवथं खाचर आमचं."

मी बघितलं. मग जे 30 वर्षं तोंडात अडकलं होतं ते बोललो, "त्या दिवशी तुला जाऊ द्यायला पाहिजे होतं."

ती गव्यांकडंच बघत होती. "व्हय," म्हणाली. "पायजे होतं."

एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

परतताना वाट वाकडी करून वसाहतीत भावाकडं गेलो. सासरे ह्याच घरात गेले, सासूही गेल्या साली गेली. दोघंही परत वर जाऊ शकली नाहीत. मेव्हण्यानं चहा दिला. मला वाटलं, तो गव्याचं विचारील, देवळाचं विचारील. त्यानं बशी खाली ठेवली आणि बहिणीला विचारलं, "आक्का, दादांनी रचलेला बांध हाय का गं?"

"हाय," ही म्हणाली. "एक दगूड हाललेला न्हाई. गवं त्याच्याकडंनंच चालत्यात."

तो बराच वेळ मान हलवत राहिला.