शनिवारची ओवी

गेल्या वर्षभरापासून मी दर शनिवारी एक ओवी लिहिते. एकच. नातवंडं चिडवतात, "आजी, हे कसलं नवीन व्रत?" व्रत नाही बाळांनो, नेम म्हणा हवं तर. आता त्याबद्दल जरा सविस्तर...

ज्यू लोक मोशेच्या पाच पुस्तकांचे ५४ भाग करतात आणि दर शनिवारी सभास्थानात त्यातला एकेक वाचतात (काही आठवड्यांत दोन जोडून). वर्षाने शेवट झाला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आपल्या पारायणासारखंच की हे.

तुम्ही म्हणाल, मिरकरवाड्याला ज्यू कुठून आले? इथे नसले तरी आपल्या कोकणात होते ना. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पाहा: किहीमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर. घरात बोली मराठीच. १८७४ साली पुण्यात त्यांची वल्हांडणाची पोथी मराठीसह छापली गेली, त्यातल्या चित्रांत बायका चक्क साड्या नेसलेल्या आहेत! १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तनंही सुरू केली. पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी सगळं आपलंच, आख्यान मात्र अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं. १९४८ नंतर बहुतेकजण इस्राएलला गेले, पण तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आणि ओवीत बायबल म्हणाल, तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं! तेव्हा माझं धाडस काही फार मोठं नाही.

बहुतेक आठवड्यांत ओवी सहज होते. नोहाच्या तारवाला तर बंदरावरची माणसं शब्द पुरवतात. अडले ते पाचव्या भागाशी.

त्यात सारा वारते. अब्राहाम परमुलखातला, स्वतःची वीतभर जमीन नाही. तो गावच्या वेशीत सर्वांसमक्ष एफ्रोनकडून शेत आणि गुहा विकत घेतो, चारशे शेकेल चांदी तोलून देतो आणि बायकोला पुरतो. वचन मिळालेल्या देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन ही. कबरीची.

पंचांग उलगडून पाहिलं. ११ नोव्हेंबर २००९, बुधवार, फयान वादळ. त्या शनिवारी जगभरच्या सभास्थानांत हाच भाग वाचला गेला होता.

आमच्या किनाऱ्यावरच्या किती नौका तेव्हा परतल्या नाहीत. मी शाळेत शिकवत होते. वर्गातल्या एका मुलाचा बाप गेलेला. गेलेला तरी कसं म्हणायचं? देह नाही, माती नाही. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर मृत समजावं, असा कायद्याचा साधारण नियम. पण त्या माऊलीने हातातल्या बांगड्यांचं काय करायचं, हे कोणता नियम सांगणार? मुलगा वहीवर वडिलांचं नाव लिहायचा आणि माझ्याकडे बघायचा. पुढे 'कै.' लिहायचं का, हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही, मीही काढला नाही.

साराच्या कबरीवर नुसती भक्तीची ओवी लिहिणं मला जमेना. तीन आठवडे कागद कोराच. मग ही उतरली:

सारेला लाभली माती,
चारशे रुपे मोजले हाती,
दर्यात विझल्या ज्यांच्या वाती,
त्यांस कुठे शेत?

ओवीने कुणाचं दुःख हलकं होत नाही, हे मला कळतं. पण ज्यांना वेशीत उभं राहून सर्वांसमक्ष काही मागता आलं नाही, त्यांचा उल्लेख निदान त्या शेताशेजारी असावा, एवढंच वाटलं.

असो. याच भागात पुढे रिबेकेची गोष्ट आहे, विहिरीवरची. पाणी शेंदण्यावरच्या जुन्या ओव्या कुणा मावशी-आत्याला आठवत असतील तर जरूर कळवा. माझ्या आईच्या होत्या, त्या मात्र तिच्याबरोबरच गेल्या.