दहा फुटांवरची रिंग

मुलांनो, आधी एक प्रयोग करा बघू. बोटांना खडू लावा, भिंतीला खेटून उभे राहा आणि हात पुरेपूर ताणून खूण करा. टाचा उचलायच्या नाहीत हं! आता उडी मारून वर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. भिंत का रंगवली म्हणून आईनं विचारलं, तर खुशाल माझं नाव सांगा.

आठवीत असताना माझं अंतर भरलं सोळा इंच. आमच्या कोल्हापुरात मुलं एक तर फुटबॉल खेळणार, नाही तर तालमीत जाणार. मला मात्र बास्केटबॉलचं वेड लागलं. संघनिवडीच्या दिवशी सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं (फार वेळ लागला नाही!) आणि म्हणाले, "तू गुण मांडायला बस." अख्खा हंगाम मी वही घेऊन बसलो. संध्याकाळी तालमीत जाऊन बैठका मारायचो, उडी वाढेल म्हणून. सोळाचे अठरा इंच झाले. पुढे कंटाळून सगळंच सोडलं.

कॉलेजात गेल्यावर एका मित्राकडे व्हिडिओ कॅसेट पाहिली, आणि मी उडालोच!

ती होती १९८६ सालची. अमेरिकेतल्या डलास शहरात एनबीए या व्यावसायिक लीगची डंकची स्पर्धा होती. डंक म्हणजे उंच झेप घेऊन चेंडू वरूनच रिंगमध्ये कोंबायचा. गुण मिळतात दोनच, साध्या बास्केटइतके. पण प्रेक्षक खुर्च्यांवर उभे राहतात. त्या राक्षसांच्या मेळ्यात एक बुटका खेळाडू आला. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर. त्याचं नाव स्पड वेब. खरं नाव अँथनी. लहानपणी त्याचं डोकं म्हणे स्पुटनिक उपग्रहासारखं दिसायचं, त्यावरून हे 'स्पड' चिकटलं!

आता हिशेब करा. एवढ्या माणसाचा हात उभ्यानं साधारण सव्वासात फुटांपर्यंत पोचतो. रिंग दहा फुटांवर. चेंडू वरून आत घालायला हात आणखी अर्धा फूट वर हवा. म्हणजे उडी झाली सव्वातीन फुटांची! कुठे माझे अठरा इंच!

त्याची वाटही सरळ नव्हती बरं का. आधी एका छोट्या कॉलेजात, मग मोठ्या कॉलेजात तो खेळला. १९८५ मध्ये डेट्रॉइटच्या संघानं त्याला निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिलं. मग अटलांटानं घेतलं. त्याच संघातला डॉमिनिक विल्किन्स हा आदल्या वर्षीचा डंकविजेता. अंतिम फेरीत हे दोघे समोरासमोर! शेवटच्या डंकला स्पडनं चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवला, हवेतच पकडला आणि रिंगकडे पाठ करून आत घातला. पन्नासपैकी पन्नास! आणि डलास तर त्याचं जन्मगाव. काय आवाज उठला असेल!

आपल्या खाशाबा जाधवांचीही उंची बेताचीच होती. पण कुस्तीत वजनगट असतात, जोडीला जोड मिळते. रिंग कुणासाठी खाली येत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. १९९४-९५ च्या हंगामात फ्री थ्रोमध्ये अख्ख्या एनबीएत पहिला कोण आला, ठाऊक आहे? हाच स्पड! ९३.४ टक्के! फ्री थ्रो म्हणजे पंधरा फुटांवरच्या रेषेमागे उभं राहून, कुणाचाही अडथळा नसताना टाकायचा चेंडू. तिथं उडी लागत नाही, उंचीही कुणी विचारत नाही. आणि मी? हंगामभर वही धरून बसलो तो त्या रेषेपासून चार पावलांवर! शाळा सुटल्यावर मैदान मोकळंच असायचं. पण रिंगला हात लागत नाही म्हणून रुसलेला मी तिथून एकदाही चेंडू टाकून पाहिला नाही.

परवा भाचीला घेऊन ग्राउंडवर गेलो. तीही माझ्यासारखीच बुटकी. दोघांनी दहा-दहा फ्री थ्रो टाकले. माझे चार गेले. तिचे सहा. गुण अर्थात मीच मांडले.