तारापूरच्या वाटेवर कॅमेऱ्याची बॅटरी

विरार मागे पडले की पश्चिम रेल्वेच्या प्रवासाची लय बदलते. वैतरणेवरील पूल, खाजणे आणि भातखाचरे ओलांडीत गाडी सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी बोईसरला पोहोचते. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून मुंबईतील कुटुंबांना हा किनारा एका दिवसात पाहून परतण्याजोगा झाला. नवकारशी करून निघावे, चौविहाराचे जेवण परतीच्या वाटेवर सोबतच्या डब्यांतून उरकावे, असा हा सोयीचा बेत.

वाटेत पालघरला उतरणारे पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ पाहतात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे झालेल्या गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले. बोईसरहून रिक्षाने अथवा एसटीने पश्चिमेकडे निघाले की आधी औद्योगिक वसाहतीतील कारखाने, मग वाड्या, मग तारापूर. येथील पोर्तुगीज किल्ला १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जिंकला. व्यापारी वाचकांना अधिक रुचेल अशी गोष्ट मात्र किल्ल्याची नव्हे, पेढीची आहे. तारापूरचेच विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू पुढे निजामाच्या राज्यात मोठे सावकार झाले आणि त्यांच्या पेढीचा रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चालला. खाडीपलीकडे चिंचणीचा विस्तीर्ण समुद्रकिनारा. नेमके येथे पोहोचेपर्यंत पुष्कळांच्या कॅमेऱ्याची बॅटरी माना टाकते आणि चार्जर घरच्या कपाटात असल्याचे ध्यानात येते.

हे घडते तेही कोठे, तर देशातील पहिल्या अणुवीज केंद्राच्या शेजारी. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये वीज देऊ लागले. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले व त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. ५४० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर एका सेकंदात दीडशे युनिट वीज देतो. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीची भूक ती केवढी! ३.७ व्होल्ट आणि सुमारे १,००० एमएएच, म्हणजे ३.७ वॅट-तास. वाया जाणारी वीज धरूनही एका युनिटमध्ये अशा दोनशे बॅटऱ्या सहज भरतील. युनिटचा दर दहा रुपये मानला तरी एका वेळेचा खर्च पाच पैसे होतो. (केंद्राच्या परिसरात छायाचित्रणास बंदी आहे. तेथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा, बॅटरी भरलेली असो वा नसो.)

तेव्हा अडचण विजेची नाही, वीज हिशेबाने आत सोडण्याची आहे. लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. चार्जर प्रथम ठरावीक विद्युतप्रवाह देतो, व्होल्टेज मर्यादेला पोहोचले की ते तेथेच रोखून प्रवाह हळूहळू कमी करतो आणि शेवटी थांबतो. बॅटरीवर धन व ऋण यांखेरीज जो तिसरा लहानसा पत्रा दिसतो, तो बहुधा तापमानाची खबर देण्यासाठी असतो. चार्जरची किंमत त्याच्या प्लास्टिकच्या खोक्याला नाही, या पहारेकऱ्याला आहे. चार्जर नसताना काय करावे, या प्रश्नाचा खरा अर्थ हा पहारेकरी अन्यत्र कोठे मिळेल, असा आहे.

पुष्कळदा तो कॅमेऱ्यातच दडलेला असतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील सोनीच्या सायबर-शॉट आणि निकॉनच्या कूलपिक्स मालिकांतील अनेक कॅमेरे यूएसबी केबलने थेट भरता येतात. बॅटरी आत ठेवून कॅमेरा बंद करावा, केबल मोबाइलच्या चार्जरला, पॉवर बँकेला किंवा मोटारीतील यूएसबीला जोडावी आणि दिवा लागतो का पाहावे. दिवा लागला की काम झाले. मात्र कॅमेऱ्याला यूएसबीचे छिद्र आहे म्हणून तो चार्ज होईलच, असे नाही. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत ते केवळ छायाचित्रे उतरवून घेण्यासाठी असते. माहितीपुस्तिकेचे ते पान घरीच वाचून निघावे.

ज्यांच्या घरी कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतील जुना कॅमेरा आहे, त्यांतील अनेकांना ही चिंताच नाही. त्यात पेन्सिल सेल बसतात आणि ते बोईसरच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. साधे पेन्सिल सेल पुन्हा भरण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्यासाठी निराळे रिचार्जेबल सेल असतात.

बॅटरी बाहेर काढूनच भरायची असेल तर युनिव्हर्सल चार्जर उरतो. साध्या मोबाइलच्या काळात घरोघरी असलेला, स्प्रिंगच्या चिमट्यात बॅटरी धरणारा आणि दोन पिना सरकवता येणारा तो चार्जर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत अजून आढळतो. लावण्यापूर्वी बॅटरीवरील अंक वाचावा. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असेल तरच तो चालतो. मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीवर ७.२ किंवा ७.४ लिहिलेले असते. तिच्यात दोन सेल असतात आणि या चार्जरने ती भरत नाही. शिवाय तिसऱ्या पत्र्याकडे या चार्जरचे लक्ष नसते, म्हणून बॅटरी रात्रभर लावून निजू नये आणि ती गरम लागली की काढून घ्यावी. काही दुरुस्तीवाल्यांकडे व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही बांधून देता येणारा डीसी पॉवर सप्लाय असतो. जाणकार माणूस त्यावर बॅटरी काही मिनिटांत चार-सहा छायाचित्रांपुरती जागी करू शकतो, पण तो जाणकारच हवा.

याउलट मोबाइल चार्जरची वायर सोलून तिची टोके चिकटपट्टीने बॅटरीला लावण्याचा जो उद्योग केला जातो, तो सर्वथा त्याज्य आहे. पाच व्होल्टचा पुरवठा ४.२ वर थांबत नाही. मर्यादा ओलांडली की सेलच्या आत लिथियमचा थर साचतो, उष्णता वाढते आणि तीच उष्णता पुढच्या उष्णतेला जन्म देते. बॅटरीत संरक्षक सर्किट असते हे खरे, पण जुन्या वा नकली बॅटरीत ते शाबूत असेल याची हमी कोण देणार? हे सारे कापडाच्या तागांशेजारी, रसायनांच्या पिंपांजवळ किंवा पुठ्ठ्यांनी भरलेल्या गोदामात चालले असेल, तर पाच पैशांच्या विजेपायी पिढीजात व्यवसाय पणाला लागतो. फुगलेली बॅटरी तर कोणत्याही चार्जरला लावू नये. तिला टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे ती सोपवावी.

याच जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि चातुर्मासाखेरीजच्या काळात त्यावर साधू-साध्वींचा विहार चालू असतो. सोबत चालणाऱ्या श्रावकाची अडचण आणखी वेगळी. अनेक गच्छांत वीज तेउकायात गणली जाते, त्यामुळे उपाश्रयात चार्जिंगचा विचारच संभवत नाही. फ्लॅशही वर्ज्य. अशा वेळी आदल्या रात्री गृहस्थाच्या घरी भरून घेतलेल्या दोन बॅटऱ्या आणि मोटारीतील यूएसबी यांवरच भिस्त ठेवावी लागते. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. पत्रे एकमेकांना जोडले जाऊन ती तापते. प्लास्टिकची लहान डबी पुरेशी आहे, आणि चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यापासूनही ती बचाव करते.

परतीच्या लोकलमध्ये चार्जिंगची सोय नसते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत असते, परंतु आगीच्या धोक्यामुळे पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ती बंद ठेवण्यास सुरुवात केली.

काही घरांत प्रश्न सहलीचा नसतोच. आजीच्या वर्षीतपाच्या पारण्याची किंवा कोणाच्या दीक्षेच्या वरघोड्याची छायाचित्रे जुन्या कॅमेऱ्यात अडकलेली असतात, चार्जर हरवलेला असतो आणि त्या छायाचित्रांसाठी बॅटरीवर नाही नाही ते प्रयोग होतात. वास्तविक छायाचित्रे बॅटरीत नसतात. ती मेमरी कार्डावर असतात. बॅटरीच्याच कप्प्यात शेजारी बसवलेले, नखाएवढे किंवा टपाल तिकिटाएवढे ते कार्ड दाबले की वर येते. कार्ड रीडर असलेल्या कोणत्याही फोटो स्टुडिओत ते द्यावे आणि छायाचित्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. त्यासाठी कॅमेरा सुरू करण्याचीही आवश्यकता नाही.