पोंग्यावरचा पहिला नंबर

आमच्या गावात, करडीत, गाण्याचा नंबर मंडईत ठरायचा. दिवाळी झाली की भाऊबीजेपासून आमच्या मोहाडी तालुक्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. आज या गावी, उद्या शेजारच्या. दिवसा गोवारी नाचत येतात, रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, नाहीतर नाटक. मधला सगळा वेळ मंडपवाल्याच्या पोंग्याचा, म्हणजे लाउडस्पीकरचा. जे गाणं संपताच पोरं पुन्हा मंडपवाल्याभोवती गोळा होत, ते त्या साली पहिलं. पुढची मंडई ज्या गावी, तिथं ते आधीच पोचलेलं असे. याची यादी कुणी केली नाही, कुठे छापलीही नाही. तरी कुठलंही साल सांगा, त्या साली करडीत काय वाजत होतं ते माझ्या पिढीचा माणूस डोळे मिटून सांगेल.

छापील नाही, पण बोलली जाणारी यादी रेडिओवर होती. १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’नं दुकानांतल्या खपावरून रेकॉर्डींची पहिली क्रमवारी छापली आणि पुढच्याच महिन्यात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज आणि त्यांची ती पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, आमच्या घरी मन लावून ऐकली जात. मात्र तिथं मान हिंदी सिनेमाच्या गाण्यांना. दंडारीतलं गाणं, रात्रभर रंगणारी कव्वाली, भीमगीत यांतलं काही त्या पायदानावर चढणं शक्यच नव्हतं.

सिनेमाबाहेरच्या गायकासाठी रेकॉर्डचा दरवाजाही अरुंद होता. देशातला रेकॉर्डींचा धंदा कित्येक दशकं मुख्यतः ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या, हातात होता. मुंबईत १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं ‘यंग इंडिया’ नावाचा स्वदेशी शिक्का काढला. नामवंत गायक मोठ्या कंपनीशी करारानं बांधलेले, म्हणून तिनं नवख्या आणि हौशी गळ्यांना संधी दिली. मला या धाडसाचं फार मोल वाटतं. पण रेकॉर्ड ही वस्तूच महाग. ग्रामोफोन आमच्या गावात कुणाच्या घरी असणार?

कॅसेट आली आणि सगळं उलटंपालटं झालं. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणले, मग ते इथंच मिळू लागले. कॅसेट भरायला कारखाना लागत नव्हता. एक खोली, दोन-चार यंत्रं आणि गाणारा माणूस एवढ्यावर कंपनी उभी राहत होती. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारांनी १९८३ मध्ये टी-सीरीज सुरू केली. ती पुढे जगातल्या मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक झाली. पण तिच्यामागे, तिच्याहून कितीतरी लहान अशा शेकडो कंपन्या होत्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक मी फार उशिरा वाचलं. उत्तर भारतातल्या या उलथापालथीचं त्यातलं वर्णन वाचताना पानोपानी मला आमच्या जवळच्या तुमसरचा बाजार आठवत होता. बाजाराच्या दिवशी तिथं एका फळीवर कॅसेटी मांडलेल्या असत: लग्नाची गाणी, खंजिरीवरची भजनं, रायपूरकडून आलेली छत्तीसगढी गाणी, नाटकातले विनोद. छत्तीसगढी गाण्यावर आमच्याकडची भाताची रोवणी किती वेळा पार पडली असेल! आनंद शिंदेंचा ‘नवीन पोपट’ त्याच काळात आला. सिनेमात नसलेलं, कॅसेटवरचं गाणं. पण लग्नाच्या वरातीत सिनेमाची गाणी त्याच्यासमोर मागे पडत.

आमच्या घरात मात्र पहिला नंबर कायम भीमगीतांचा. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले होते, त्या दिवसांबद्दल आजोबा बोलायला लागले की जेवण थंड होई. त्यांच्यासाठी गाणं आणि ती आठवण वेगळी नव्हती. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जायचो. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची आणि कॅसेटींची दुकानं, प्रत्येक दुकानाचा पोंगा शेजारच्याच्या वरताण. वामनदादा कर्डकांची गाणी कितीतरी गळ्यांतून ऐकू येत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या माणसानं आयुष्यभर गावोगाव हिंडून गाणं लिहिलं आणि गायलं. आजोबा दुकानापुढे उभे राहून कॅसेट लावून बघायला सांगत, पहिली ओळ ऐकत, मगच पैसे काढत. नागपूरच्या त्या रस्त्यावर वर्षाकाठी किती कॅसेटी खपत असतील, याचा हिशेब कुठल्याच क्रमवारीत गेला नाही. देशातलं एवढं मोठं गाण्याचं दुकान मोजणीबाहेर राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

इंग्लंडात निदान मोजायची सोय झाली होती. १९८० च्या जानेवारीपासून तिथं स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डींची वेगळी क्रमवारी सुरू झाली. तिचा तेव्हाचा नियम मला फार आवडतो: गाणं कोणत्या प्रकारचं आहे हे बघायचं नाही, ते दुकानापर्यंत कोणी पोचवलं हे बघायचं. मोठ्या कंपनीच्या वाहतुकीवाचून पोचलं तर ते स्वतंत्र. १९८७ मध्ये ‘फोर एडी’ या छोट्या कंपनीचं, ‘मार्स’ या गटाचं ‘पम्प अप द व्हॉल्यूम’ तर तिथल्या मुख्य क्रमवारीतही पहिलं आलं. तोच नियम लावला तर एसटीच्या टपावरून, पिशवीत, सायकलच्या कॅरियरवर करडीला पोचलेली आमची प्रत्येक कॅसेट त्या यादीत बसली असती.

पण छोट्या कंपनीचं सगळंच चांगलं म्हणता येत नाही. गायकाला बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळत. कॅसेट किती खपली हे त्याला कळतच नसे. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचं नाव बारीक, पुष्कळदा नाहीच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम झाला. ज्यांचं नावच कव्हरवर आलं नाही, त्यांनी तो कशाच्या आधारे मागायचा?

आता भाच्याच्या मोबाइलवर संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ वाजतं. जळगाव जिल्ह्यातला पोरगा, पाठीशी सिनेमा नाही, २०२४ च्या सुरुवातीला गाणं आलं आणि मराठी न कळणाऱ्यांनीही ते उचललं. आमच्याकडच्या धुमालवाल्यांनी, म्हणजे वरातीतल्या वाजंत्र्यांनी, तर लगेच. ऐकणाऱ्यांचे आकडे गाण्याखालीच दिसतात आणि लिहिणाऱ्याचं नाव शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. याचा मला मनापासून आनंद आहे. वामनदादांच्या मागून आलेल्या शाहिरांना हे मिळायला हवं होतं.

आजोबांच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. काहींची फीत चिकटली आहे, कव्हरं मात्र शाबूत. मी एका वहीत त्यांवरचं सगळं उतरवतो आहे: कंपनी, गाव, गायक, गीतकार, ढोलकीवाला. जिथं गीतकाराचं नाव नाही तिथं जागा कोरी ठेवली आहे. यंदाच्या मंडईत दंडारीतल्या जुन्या माणसांना ती वही दाखवणार आहे. यातली कुठली गाणी कुणी बांधली, हे त्यांच्यातल्या काहींना ठाऊक असणार.